पहिल्या मालकाचा हिशोब : पेट्रोल, डिझेल आणि बदनापूरची जुनी गाडी



आजचा विषय फलकावर वाचून दोघा-तिघांनी आम्हाला दारातच अडवलं. म्हणाले, इतिहासाच्या व्याख्यानात गाड्यांचा बाजार कुठून आणला? प्रश्न रास्त आहे. किल्ले, वतनं, मुक्तिसंग्राम हे विषय आपल्या सवयीचे. पण बदनापूरच्या हायवेवर चहाच्या टपरीपाशी पाच मिनिटं उभं राहा. मुक्तिसंग्रामावर वाद घालणारे भेटतील न भेटतील, 'सेकंड हँड घ्यायची, पेट्रोल घेऊ का डिझेल?' हा वाद घालणारे हमखास भेटतील.

आणि तो वाद रिकामटेकडा नसतो. घरी दोन एकर मोसंबी, पोरगी संभाजीनगरला शिकायला, आईला महिन्यातून एकदा घाटीत दाखवायला न्यायचं, आणि गाडीसाठी बाजूला काढलेले तीन-साडेतीन लाख. नवी गाडी त्यात येत नाही, म्हणून जुनी बघायची. निवड चुकली तर पुढच्या दोन हंगामांचा पैसा गॅरेजमध्ये जातो. आमच्या घरचा गेलेला आहे, ते पुढे सांगतो.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पेट्रोल की डिझेल हा प्रश्न आपल्याकडे इंजिनापेक्षा सरकारी भावाचा राहिलेला आहे. ज्या वर्षी जो भाव, जो कर, जो नियम होता, त्याप्रमाणे लोकांनी नव्या गाड्या घेतल्या. भाव बदलतो, नियम बदलतो, गाडी मात्र तीच राहते आणि सात-आठ वर्षांनी आपल्या दारात येते. म्हणजे जुनी गाडी घेताना आपण पहिल्या मालकाचा हिशोब विकत घेत असतो. तो हिशोब आज लागू पडतो का, एवढंच बघायचं. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

विहिरीवरचं इंजिन

दोन्ही इंजिनं जर्मनीतली. निकोलस ऑटोनं १८७६ मध्ये चार ठोक्यांचं इंजिन चालवून दाखवलं. त्यात इंधन-हवेच्या मिश्रणाला ठिणगी देऊन पेटवायचं. आपलं पेट्रोल इंजिन हे त्याच घराण्यातलं, म्हणून त्याला प्लग लागतो. रुडॉल्फ डिझेलनं १८९० च्या दशकात दुसरी वाट काढली. हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी, आणि मग त्यात इंधन फवारायचं. ते आपोआप पेटतं. प्लगची गरज नाही, पण दाब सोसायला सगळं अंग जाड आणि मजबूत लागतं. म्हणून डिझेल इंजिन जड, महाग, आवाजाचं. आणि त्याच थेंबात जास्त काम करणारं. लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जाही पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्क्यांनी जास्त असते. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात असलं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आपल्या भुईमूगवाल्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

बदनापूर तेव्हा निजामाच्या राज्यात. मनमाडहून जालन्यामार्गे हैदराबादकडे जाणारी रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर आली आणि गावाला स्टेशन मिळालं. निजामाच्या रेल्वेनं १९३२ मध्ये रस्त्यावरची वाहतूकही हातात घेतली, ती २७ बसगाड्यांनिशी. सरकारनं स्वतः बस चालवायची, हा देशातला अगदी सुरुवातीचा प्रयोग. पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आला आणि आपण एसटीचे झालो.

पण डिझेलशी आपल्या माणसाची खरी ओळख बसमध्ये झाली नाही, ती विहिरीवर झाली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत 'किर्लोस्करचं इंजिन' हा शब्द मोटेला पर्याय झाला. गावात वीज यायच्या आधी हे इंजिन आलं होतं. हँडल मारायचं, काळा धूर निघायचा, मग टक-टक-टक आवाज लागायचा आणि दांडातून पाणी. इथल्या जुन्या माणसाला नोझल, फिल्टर, लाइनीतली हवा काढणं हे शब्द गाडीच्या कितीतरी आधी ठाऊक होते. बिघडलं तर गावातच कुणीतरी उघडायचा. 'डिझेल म्हणजे दणकट, डिझेल म्हणजे आपलं' ही भावना इथली आहे. हा विश्वास तेव्हा खोटा नव्हता. फक्त तो ज्या इंजिनावर बसला, ते इंजिन आज रस्त्यावर नाही.

एका लिटरचे दोन भाव

आता भावाकडे येऊ. १९७३ च्या तेलसंकटात जगभर तेल भडकलं. आपल्याकडे पेट्रोल एवढं महागलं की त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. सरकारपुढे प्रश्न होता की बोजा कुणावर टाकायचा. डिझेलवर ट्रक, एसटी, रेल्वे, शेतीचे पंप; ते वाढलं की भाजीपासून सिमेंटपर्यंत सगळं वाढणार. पेट्रोल म्हणजे मोटारवाले आणि स्कूटरवाले. मग कर पेट्रोलवर चढवायचा, डिझेल सांभाळायचं. हे धोरण पुढे चाळीसेक वर्षं टिकलं. त्यामागचा विचार वाईट नव्हता. पण भावाला कुंपण घातलं की कुंपणाच्या फटीतून माणूस वाट काढतो.

पहिली वाट जीपनं काढली. महिंद्रची जीप मुळात पेट्रोलवरची. ऐंशीच्या दशकात डिझेल जीप आली आणि मराठवाड्याच्या रस्त्यांचं चित्रच बदललं. जुन्या पेट्रोल जीपचं इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसवून घेणं हा धंदा झाला. काळी-पिवळी आठवते ना? नऊ जणांच्या जागेत सोळा माणसं, टपावर दुधाचे कॅन, मागच्या पायरीवर दोन पोरं लटकलेली. एसटी जिथं दिवसातून दोनदा जायची, तिथं काळी-पिवळी भरली की सुटायची. हे गणित फक्त स्वस्त डिझेलवर बसत होतं. दुसरीकडे अॅम्बॅसिडरही डिझेलमध्ये आली आणि पुढाऱ्यांच्या, अधिकाऱ्यांच्या दारात धडधडू लागली.

घरगुती गाडी मात्र पेट्रोलचीच राहिली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. हलकी, साधी, कुठल्याही मेकॅनिकला उमगणारी. शिक्षक, डॉक्टर, अडतव्यापारी यांच्या घरात पहिली चारचाकी आली ती हीच. मग १९९४ मध्ये सुमो आली, आणि १९९८ च्या डिसेंबरात टाटांनी पिंपरीत तयार केलेली इंडिका बाजारात आणली. लहान गाडी, आत पाच माणसं, आणि डिझेलवर! आजवर डिझेल हे मालाचं आणि सवारीचं इंधन होतं. इंडिकेनं ते घरच्या अंगणात आणून उभं केलं. २००१ मध्ये आपल्या जालना रोडवरच, शेंद्र्याला, स्कोडाचा कारखाना सुरू झाला. तिची डिझेल ऑक्टाव्हिया घरापुढे असणं ही काही वर्षं संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, मोठी गोष्ट होती. २००७ मध्ये स्विफ्ट डिझेलमध्ये आली. तिचं १२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं. तेच इंजिन पुढे इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलं की लोक त्याला गमतीनं राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले.

इथं एक बदल गुपचूप झाला होता, तो सांगितला पाहिजे. जुन्या जीपचं आणि विहिरीवरचं डिझेल इंजिन यांत्रिक होतं. नव्या गाड्यांत 'कॉमन रेल' आलं. हजार-दीड हजार पट वातावरणाच्या दाबानं डिझेल फवारणारे इंजेक्टर, त्यांच्यावर हुकूम चालवणारा संगणक, वर टर्बो. गाडी गप्प झाली, पळू लागली, ॲव्हरेज वाढला. पण ती आता गावातल्या पान्या-पकडीची राहिली नाही. बॉनेटवर नाव तेच 'डिझेल', आत प्राणी दुसरा. आपल्या लोकांनी किर्लोस्करवरचा विश्वास या नव्या प्राण्यावर जसाच्या तसा टाकला.

बत्तीस रुपयांचं अंतर

आता गोष्टीचा गाभा. जून २०१० मध्ये केंद्र सरकारनं पेट्रोलचे भाव मोकळे सोडले. डिझेलचे सोडले नाहीत. पेट्रोल बाजाराप्रमाणे चढत गेलं, डिझेल अडकून राहिलं. २४ मे २०१२ ला दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे झालं. डिझेल त्या दिवशी ४० रुपये ९१ पैसे होतं. एका लिटरमागे बत्तीस रुपयांचं अंतर.

याचा अर्थ काय होतो बघा. पेट्रोल गाडी लिटरला सोळा किलोमीटर देते आणि डिझेल गाडी वीस, असं धरू. मग पेट्रोलवर एका किलोमीटरला साडेचार रुपयांवर खर्च, डिझेलवर दोन रुपये. दुपटीहून जास्त. मग कोण पेट्रोल घेणार? त्या वर्षी देशात विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त डिझेलच्या होत्या. शोरूममध्ये डिझेलसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागे आणि पेट्रोलवर सूट देऊन गाड्या खपवाव्या लागत. ज्याचं महिन्याचं चालणं चारशे किलोमीटर, तोही डिझेल घेत होता, कारण शेजाऱ्यानं घेतली होती.

या भावफरकाची एक काळी बाजूही आहे आणि ती आपल्या वाटेवरची आहे. मराठवाड्यात येणारं बरंचसं इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून टँकरनं येतं. रेशनचं रॉकेल डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्त, म्हणून ते डिझेलमध्ये मिसळणाऱ्यांच्या टोळ्या त्या पट्ट्यात माजल्या. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी तिथं भेसळ चालू असताना पाहिली, अडवली, आणि त्या लोकांनी त्यांना भरदिवसा जिवंत जाळलं. आपण त्या वेळी हळहळलो, मोर्चे निघाले. पण त्या खुनाच्या मुळाशीही भावाचं कुंपण होतं, हे विसरू नये. गाडीपुरतं बोलायचं तर कॉमन रेलच्या पंपाला आणि इंजेक्टरला वंगण डिझेलमधूनच मिळतं. रॉकेल कोरडं. जुनी जीप ते पचवायची, नवी गाडी पचवत नाही.

आता आमच्या घरची गोष्ट. २०१४ च्या दिवाळीत, धनत्रयोदशीला, २१ ऑक्टोबरला, आम्ही जुनी डिझेल गाडी घरी आणली. चार वर्षं वापरलेली, एमएच-२० पासिंगची, दिसायला चकचकीत. एजंटनं सांगितलं होतं, डिझेल आहे, दहा वर्षं बघायला नको. पेट्रोलची तशीच गाडी साठ-सत्तर हजारांनी स्वस्त मिळत होती. आम्ही म्हणालो, ते दोन वर्षांत निघतील.

तीनच दिवस आधी, १८ ऑक्टोबरला, केंद्र सरकारनं डिझेलचे भावही मोकळे केले होते. तसं पाहिलं तर २०१३ च्या जानेवारीपासूनच महिन्याला पन्नास पन्नास पैसे वाढवत डिझेल बाजारभावाला आणणं चालू होतं, पण पन्नास पैशांकडे कोण बघतो? आणि गंमत अशी की त्या वेळी जगात कच्चं तेल घसरत होतं, त्यामुळे भाव मोकळे केल्याच्या दिवशी डिझेल तीन रुपये सदतीस पैशांनी स्वस्त झालं. आम्हाला वाटलं, गाडी पायगुणाची! आम्ही पेढे वाटले. ज्या कुंपणाच्या भरवशावर ती गाडी बनली, विकली गेली आणि आमच्या दारात आली, ते कुंपण त्याच आठवड्यात काढून टाकलं होतं, हे आमच्या ध्यानात आलं नाही. इतिहास शिकवणाऱ्या माणसांच्या ध्यानात आलं नाही, हे जास्त लाजिरवाणं.

आमचं चालणं महिन्याला पाचशे-सहाशे किलोमीटर. जालना वीसेक किलोमीटर, संभाजीनगर चाळीसेक, बाकी गावातल्या गावात. तिसऱ्या वर्षी एका रात्री आईला घाटीत नेताना शेंद्र्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. मागून येणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं माणुसकी केली, आई वेळेवर पोचली. गाडीचे चारही इंजेक्टर गेले होते, टर्बोही. मीटर मागं फिरवलेलं होतं, हे गॅरेजवाल्यानं सांगितलं. त्या बिलात आमचा डिझेलचा तीन वर्षांचा फायदा तर गेलाच, वर कपाशीचे पैसे गेले.

वारा फिरतो

आमचं एकट्याचं असं झालं असतं तर व्याख्यानात सांगितलं नसतं. पण त्याच सुमाराला सगळीकडे वारा फिरला. एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं दिल्ली आणि राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला मनाई केली. पेट्रोलला पंधरा वर्षं दिली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच कायम केलं. त्याआधी, सप्टेंबर २०१५ मध्ये, अमेरिकेत उघड झालं की फोक्सवॅगननं डिझेल गाड्यांत अशी संगणकाज्ञा बसवली होती की तपासणीपुरता धूर कमी दिसावा. त्याचा धागा थेट आपल्यापर्यंत आला. डिसेंबर २०१५ मध्ये त्या समूहानं भारतातल्या फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी मिळून सव्वातीन लाखांच्या आसपास डिझेल गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्यातल्या कितीतरी गाड्या आज तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे आहेत. त्या काळातली अशी गाडी घेताना ही दुरुस्ती झाली होती का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारता येतं.

मग १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं. डिझेल इंजिनाचा धूर त्या मापात बसवायचा तर काजळी अडवणारा फिल्टर आणि बाकीचा सरंजाम लागतो. लहान गाडीत तो खर्च पेलत नाही. मारुतीनं डिझेल गाड्या करणंच थांबवलं. त्याच वर्षी जूनमध्ये दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं. आपल्या राज्यात ते तसं झालं नाही, पण १९७३ नंतरचा सगळा क्रम उलटा झालेला दिसला.

आणि आपल्या तालुक्यात त्याच मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. समृद्धी महामार्ग बदनापूर आणि जालना तालुक्यांतून जायचा ठरला, २०१७ पासून जमिनी थेट खरेदीनं घेतल्या गेल्या. ज्यांनी आयुष्यात लाखाचा चेक पाहिला नव्हता त्यांच्या खात्यात मोठ्या रकमा आल्या. काहींनी दुसरीकडे जमीन घेतली, काहींनी पोरांची शिक्षणं केली, आणि बऱ्याच दारांत स्कॉर्पिओ, बोलेरो, क्रेटा उभ्या राहिल्या. जवळपास सगळ्या डिझेल. शेताचा भाग गेला आणि त्याच्या जागी रस्ता आला, त्या रस्त्यावर चालवायला गाडी आली. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला तोवर त्यातल्या काही गाड्या विकायला निघालेल्या होत्या. आज बदनापूर-जालन्याच्या जुन्या बाजारात सात-आठ वर्षांची डिझेल एसयूव्ही दिसली तर तिच्यामागे एखाद्या वावराची गोष्ट असू शकते.

गाडीचं वर्ष वाचायचं कसं

आता हा इतिहास हातात धरून बाजारात जाऊ. आरसी बुकावर गाडी बनल्याचं वर्ष असतं. ते वर्ष म्हणजे त्या गाडीची जन्मपत्रिका.

२०१० ते २०१४ मधली डिझेल लहान गाडी ही बत्तीस रुपयांच्या अंतराची लेक. तिच्याकडे दोन शंका घेऊन बघा. एक तर ती टॅक्सीसारखी पळवलेली असेल आणि मीटर मागं केलेलं असेल; किंवा नुसतीच उभी राहिलेली असेल. आणि आता ती पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर आहे. पंधरा वर्षांनी आपल्याकडे गाडी बाद होत नाही, पण पुन्हा नोंदणी, फिटनेस, हरित कर हे सगळं लागतं. तीन वर्षांसाठी गाडी घेतोय की दहा, ते आधी ठरवा.

२०१५ ते २०२० मधली बीएस-४ डिझेल एसयूव्ही चांगली मिळू शकते. ती घेणाऱ्यानं बहुधा भावफरकासाठी नाही, ताकदीसाठी घेतली होती. तिच्या सर्व्हिसची कागदं मागा. दिल्लीकडची त्याच वयाची गाडी अर्ध्या किमतीत दाखवली तर समजा की तिकडच्या दहा वर्षांच्या मनाईच्या धास्तीनं ती इथं आली असू शकते. गाडी वाईट असेलच असं नाही. पण तिकडच्या आरटीओची एनओसी, बँकेचा बोजा उतरल्याचा कागद, आणि इथं नव्यानं नोंदणी करून भरायचा कर, हे सगळं किमतीत मिळवून मग स्वस्त-महाग बोला. महाराष्ट्रात डिझेल गाडीवरचा एकरकमी कर पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त आहे, हेही धरा.

२०२० नंतरच्या डिझेलमध्ये तो काजळीचा फिल्टर असतो. तो स्वच्छ व्हायला गाडी अधूनमधून सलग, बऱ्या वेगानं पळावी लागते. समृद्धीवर जाणाऱ्याला अडचण नाही. रोज बाजार समिती ते घर एवढंच चालणाऱ्याचा फिल्टर तुंबतो, आणि तो स्वस्त नसतो.

आता साधा हिशोब. पेट्रोल १०५, डिझेल ९२ धरा. ॲव्हरेज मघाचेच, सोळा आणि वीस. पेट्रोलवर किलोमीटरला साडेसहा रुपये, डिझेलवर चार रुपये साठ पैसे. फरक दोन रुपयांच्या आसपास. डिझेल गाडी लाखभरानं महाग आहे आणि वर्षाला देखभालीत नऊ हजार जास्त लागतात, असं समजू. महिन्याला सहाशे किलोमीटर चालणाऱ्याचे वर्षाला चौदा हजार चारशे वाचतात. देखभाल वजा जाता उरतात पाच हजार चारशे. लाख रुपये वसूल व्हायला अठरा वर्षं. तोवर गाडीच नसेल. महिन्याला दोन हजार चालणाऱ्याचे अठ्ठेचाळीस हजार वाचतात, उरतात एकोणचाळीस; त्याचे अडीच वर्षांत वसूल. आकडे आम्ही उदाहरणाला घेतलेत. तुम्ही तुमचे घाला, पण मांडा कागदावर. चहाच्या टपरीवर तोंडी मांडू नका.

मग पेट्रोल घ्यावं, विषय संपला? नाही. पेट्रोललाही त्याचं धोरण आहेच. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. उसाचं, मक्याचं इथेनॉल. म्हणजे शेतकऱ्याला त्यातून दोन पैसे मिळावेत हाही हेतू. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच, म्हणून ॲव्हरेज थोडा उतरतो. आणि २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचे रबरी पाइप, सील या इंधनासाठी बनवलेले नाहीत. दहा-बारा वर्षांची पेट्रोल गाडी घेताना इंधनाची लाइन मेकॅनिककडून बघून घ्या आणि रबरी भाग बदलायला थोडे पैसे बाजूला ठेवा. डिझेलच्या इंजेक्टरपुढे हा खर्च किरकोळ आहे, पण तो आहे.

राहिली प्रत्यक्ष पाहणी. गाडी सकाळी थंड असताना बघायला जा. मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढून बघा. तिथून धूर जोरात फेकला जात असेल तर बोअर-पिस्टनचं काम आलेलं आहे. मीटरवर विश्वास ठेवण्याआधी क्लच-ब्रेकच्या पेडलवरचं रबर किती झिजलंय ते बघा. हे सगळं कुणीही सांगतो. आम्ही त्यात एकच प्रश्न घालू. विकणाऱ्याला विचारा, 'तुम्ही ही डिझेल का घेतली होती?' किंवा 'पेट्रोल का घेतली होती?' आणि त्याचं उत्तर नीट ऐका. 'रोज जालना-संभाजीनगर करायचो' म्हणाला तर गाडी पळालेली आहे, मीटर तपासा. 'तेव्हा डिझेल स्वस्त होतं' म्हणाला तर ओळखा की तो हिशोब संपलेला आहे. 'समृद्धीचे पैसे आले होते' म्हणाला तर चहा पाजा, त्याची गोष्ट ऐका, आणि मगच किंमत बोला.

आमच्या दारात आज काय उभं आहे, असं मघाशी कुणीतरी विचारलं. जुनी पेट्रोल गाडी आहे, २०१६ ची, एमएच-२१ पासिंगची, एका निवृत्त शिक्षकाकडून घेतलेली. त्यांनी दर सर्व्हिसची पावती वहीत चिकटवून ठेवली होती. ती वही आम्हाला गाडीपेक्षा जास्त आवडली. आमचं चालणं महिन्याला सहाशेच आहे, म्हणून आम्हाला पेट्रोल बरोबर. सोमठाण्याहून रोज भाजी घेऊन संभाजीनगर गाठणारा आमचा मित्र डिझेल चालवतो, आणि त्याचं बरोबर आहे. नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात आणि आमचा वाद काही संपत नाही.

आता प्रश्न घेऊ.